आईच्या गोळ्यांना गुण येतोय का, हे ठरवायचं कसं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

आईला (वय ७९) अल्झायमर असल्याचं निदान होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून डोनेपेझिल चालू आहे, सध्या रोज रात्री १० मिलिग्रॅम. आठ महिन्यांपूर्वी जोडीला मेमँटीन सुरू झालं. त्याच सुमारास दिवसभर सोबतीला एक बाई ठेवल्या. स्मृती-आकलनाच्या पहिल्या तपासणीत आईला ३० पैकी २१ गुण मिळाले होते, गेल्या महिन्यात १७. आई माझ्याकडे असते. भाऊ दूर राहतो, आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल करतो. तो म्हणतो, औषधं छान लागू पडली आहेत, मेमँटीननंतर तर आई किती शांत झाली! मला तसूभरही फरक दिसत नाही. वजन आठ महिन्यांत ५२ किलोंवरून ४७ वर आलंय. मध्यंतरी कपड्यात लघवी होऊ लागली, त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी दिली, तीही चालू आहे. दोनदा बाथरूममध्ये चक्कर आली, पण सावरली. मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात आणि 'चालू ठेवा' एवढंच कळतं. गोळ्या बंद केल्या आणि आई बिघडली तर भाऊ मला दोष देईल, मीही स्वतःला देईन. संध्याकाळी कधीकधी ती माझा हात धरून जुनं काहीतरी गुणगुणते. ते गोळ्यांमुळे असेल तर?

उत्तर

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात आणि मी तिथंच अडले. आईला दोनदा चक्कर आली. औषधाला गुण येतोय की नाही हे आपण सावकाश ठरवू, त्याला दोन-तीन महिने लागले तरी बिघडत नाही. चक्करेचं तसं नाही. डोनेपेझिल आणि त्याच्या जातीची रिव्हास्टिग्मीन, गॅलँटामीन ही औषधं काही जणांच्या हृदयाचे ठोके मंद करतात. रक्तदाबासाठी ठोके कमी करणारी एखादी गोळी आधीपासून चालू असली तर दोन्हींची भर पडते. या वयात बाथरूममध्ये पडणं म्हणजे खुब्याचं हाड जाण्याची भीती. तेव्हा आजच डॉक्टरांना फोन करा आणि 'दोनदा चक्कर आली, नाडी तपासायची आहे, ईसीजी काढायचा का?' असं सरळ विचारा. घरी रक्तदाब मोजायचं मशीन असेल तर त्यावर नाडीचाही आकडा दिसतो. तो सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. ५०च्या खाली दिसला किंवा पुन्हा चक्कर आली, तर नेहमीच्या तारखेची वाट बघत बसू नका.

दुसरी गोष्ट लघवीच्या गोळीची. तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही, पण माझ्या मनात शंका आहे. डोनेपेझिल मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन टिकवून धरतं. पेशींमधले निरोप पोचवणारं हे रसायन अल्झायमरमध्ये कमी पडतं. पण मूत्राशय आकुंचन पावतं तेही याच रसायनामुळे. म्हणून हे औषध घेणाऱ्या काहींना लघवीची घाई होऊ लागते. मग त्या घाईवर ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी दिली जाते, आणि अ‍ॅसिटिलकोलिनला अडवणं हेच तर त्या गोळीचं काम! एका हाताने हौद भरायचा आणि दुसऱ्या हाताने बोळा काढायचा, असा प्रकार होतो. डॉक्टर दोन, चिठ्ठ्या दोन, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेसाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांचाही असाच विरोध असतो. यातलं काहीही मनाने बंद करू नका. घरातल्या आईच्या सगळ्या गोळ्या, पातळ औषधं, थेंब, डोळ्यांत घालायचेसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, 'यातलं कुठलं कशाच्या आड येतंय?' लघवीसाठी अ‍ॅसिटिलकोलिनला न अडवणारी औषधंही असतात.

हे आधी सांगितलं, कारण बोळा उघडा असताना हौद का भरत नाही याचा विचार करून उपयोग नाही.

आता मूळ प्रश्न. 'फरक दिसत नाही' असं तुम्ही म्हणता तेव्हा मनात कुठली आई असते? मला वाटतं, दोन वर्षांपूर्वीची. गोळी सुरू झाली की आई त्या जागी परतेल, निदान परतीच्या वाटेला लागेल, असं आपण न बोलता धरून चालतो. तापाच्या गोळीने ताप उतरतो तसं. पण ही औषधं आजार मागे नेत नाहीत. पेशी मरत राहतात, आजार पुढे सरकत राहतो. उरलेल्या पेशींचं आपसातलं बोलणं काही काळ थोडं सोपं होतं, इतकंच. म्हणून तुलना करायची ती औषध न घेतलेल्या आजच्या आईशी, आणि ती आई तुम्हाला कुणीच दाखवू शकत नाही. इथं तुम्ही अडलात यात तुमचं निरीक्षण कमी पडलेलं नाही.

तुमच्याच आकड्यांवर बघू. दोन वर्षांत २१चे १७ झाले. ३० गुणांच्या त्या चाचणीत अल्झायमरचा रुग्ण सरासरी वर्षाला तीनेक गुण घसरतो, म्हणजे दोन वर्षांत १५च्या आसपास. भाऊ म्हणेल, बघ, दोन गुण वाचले! पण ही सरासरी आहे. कुणी वर्षाला एक गुण घसरतो, कुणी पाच. शिवाय रात्री झोप झाली नाही, चष्मा घरी राहिला, तपासणारी व्यक्ती बदलली, तर एकाच माणसाचे दोन-तीन गुण एका आठवड्यातसुद्धा इकडेतिकडे होतात. त्यामुळे १७ या आकड्यावरून औषध लागू पडलं असंही म्हणता येत नाही आणि पडलं नाही असंही नाही.

मोठ्या अभ्यासांतही या औषधांचा सरासरी फायदा खरा पण लहान निघालेला आहे, त्या चाचणीत साधारण एखाद-दीड गुणाचा. हाच पुरावा समोर ठेवून फ्रान्सने २०१८ साली सरकारी विम्यातून या औषधांचा खर्च देणं थांबवलं. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मात्र डॉक्टरांना सांगितलं की केवळ आजार बळावला म्हणून डोनेपेझिलच्या जातीची औषधं बंद करू नका. जाणकारांचंच असं दुमत असताना तुमच्या आणि भावाच्या मतांत अंतर पडलं, तर दोघांपैकी कुणाचं तरी आईवर प्रेम कमी आहे असा अर्थ काढू नका.

भाऊ खोटं बोलत नाहीये. त्याला फोनवर दिसते ती आई खरोखर तशी असते. 'कसा आहेस, जेवलास का, मुलं काय म्हणतात?' ही वाक्यं पन्नास वर्षं जिभेवर घोळलेली असतात आणि स्मृती गेली तरी पुष्कळ काळ टिकतात. पाहुणे आले किंवा डॉक्टर समोर बसले की अशी माणसं सगळं बळ एकवटून नीट बोलतात आणि मग पुढचे दोन तास थकून गप्प होतात. भावाला दिसतात ती दहा मिनिटं, तुम्हाला ते दोन तास. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला चार दिवस बोलवा आणि त्यातल्या एका रात्री आईजवळ त्यालाच झोपू द्या. मेमँटीनचं आणि शांततेचं म्हणाल, तर त्याच महिन्यात दिवसभर सोबत करणाऱ्या बाई आल्या हे तुम्हीच लिहिलंय. एकटी असणारी, घाबरणारी बाई जवळ माणूस आल्यावर शांत होऊ शकते. श्रेय कुणाचं, हे आता मागे जाऊन शोधता येणार नाही. यापुढे मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा नियम तुम्ही घरात करू शकता. गोळी, सोबतीची बाई, झोपण्याची खोली आणि कानाचं यंत्र एकाच महिन्यात बदललं तर त्यातून काहीच शिकायला मिळत नाही.

मग बघायचं काय? मी डॉक्टर नाही. वडिलांना सात वर्षं सांभाळलं आणि पुढे अशा अनेक घरांशी बोलत आले. सुरुवातीची दोन वर्षं मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक शब्द लिहायचे: ठीक. ठीक. वाईट. ठीक. डॉक्टरांसमोर ती पानं उलगडली तेव्हा कळलं, त्यांतून काही म्हणजे काही समजत नव्हतं. 'वाईट'चा अर्थ कित्येकदा मीच त्या दिवशी थकले होते, एवढाच होता. मग मी त्यांच्या शर्टाची बटणं धरली. एकदा त्यांनी दुसऱ्या काजात पहिलं बटण घातलं, शेवटी एक बटण उरलं, आणि ते त्या उरलेल्या बटणाकडे बघत उभे राहिले, शर्ट आखूड झालाय असं समजून. त्या दिवसापासून लिहू लागले. स्वतः लावली तर ३, एकदा सांगून लावली तर २, हाताला हात लावावा लागला तर १, मीच लावली तर शून्य. दोन महिन्यांत कॅलेंडर बोलू लागलं.

तुम्हीही तीन गोष्टी निवडा, चारच्या वर नको. स्मृती त्यात नसली तरी चालेल. आपण सगळे 'माझं नाव आठवलं का' एवढंच बघत बसतो, आणि औषधाचा फरक पडला तर तो कधीकधी भलतीकडेच पडतो. सांगितलेलं काम सुरू करायला किती वेळ लागला, एका जेवणाला किती मिनिटं लक्ष टिकलं, एकच प्रश्न तासाभरात किती वेळा आला, संध्याकाळी दारापाशी किती फेऱ्या झाल्या, आपणहून किती वाक्यं बोलली. यांतली अशी गोष्ट घ्या जी मोजता येते आणि जिच्यामुळे तुमचा किंवा आईचा दिवस सोपा किंवा अवघड होतो. आठवड्यातले दोन ठरलेले दिवस पुरे. सोबतीच्या बाईंनाही स्वतंत्रपणे लिहायला सांगा, तुमची वही न बघता. महिन्यातून एकदा त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच कामाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि भावालाही पाठवा. तीन महिन्यांनी दोघांनी मिळून पहिला आणि शेवटचा व्हिडिओ पाठोपाठ बघितला की भांडणातली अर्धी हवा निघून जाते.

वहीत एक रकाना तोट्याचाही ठेवा, कारण 'फायदा नसेना का, नुकसान तर नाही ना?' हा हिशेब आपण फार सैल ठेवतो. तुमच्या आईचं पाच किलो वजन गेलं, म्हणजे अंगातला जवळजवळ दहावा हिस्सा. डोनेपेझिलने मळमळ होते, भूक मरते, जुलाब होतात, वजन उतरतं. अर्थात अल्झायमरमध्येही वजन उतरतं, आणि दात दुखत असले, कवळी सैल झाली, मन उदास असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी उतरतं. म्हणून आधी तोंडात डोकावून बघा, रक्त तपासून घ्या आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. रात्री भयंकर स्वप्नं पडून ती दचकून उठते का, पायात गोळे येतात का, नाक सारखं वाहतं का, हेही लिहा. ही लक्षणं या जातीच्या औषधांनी होऊ शकतात आणि म्हातारपणाच्या खात्यात जमा होऊन जातात. स्वप्नांसाठी कधीकधी रात्रीची गोळी सकाळी देणं पुरतं, डॉक्टरांना विचारून. मेमँटीनची तऱ्हा वेगळी. त्याने गरगरतं, डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं, काहींना गुंगी येते.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. एक-दोन दिवसांत अचानक बिघाड झाला, माणूस एकदम भ्रमात गेला, तर 'औषध चालत नाही' असं म्हणून थांबू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, चार दिवस पोट साफ न होणं, नवीन सुरू झालेली एखादी गोळी, यांपैकी काहीतरी पुष्कळदा सापडतं. ते त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

आता बंद करण्याचा प्रश्न. ब्रिटनमधला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. डोनेपेझिल घेत असलेले, मध्यम ते तीव्र अल्झायमरचे २९५ रुग्ण त्यात होते. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींचं बंद केलं. वर्षभरात चालू ठेवणाऱ्यांचे गुण सरासरी १.९ने जास्त राहिले आणि रोजच्या कामांतही ते थोडे बरे राहिले. पुढच्या पाहणीत असंही दिसलं की बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात घर सोडून देखभाल करणाऱ्या निवासी संस्थेत ठेवावं लागण्याचं प्रमाण जास्त होतं, त्यानंतर तो फरक राहिला नाही. म्हणजे 'दोन वर्षं झाली, आता काय उपयोग?' असं सरसकट म्हणणं चूक आहे. त्याच अभ्यासात डोनेपेझिलच्या जोडीला मेमँटीन दिल्याने ठळक वेगळा फायदा मात्र दिसला नाही. तुमच्या आईच्या बाबतीत यामुळे पेच पडतो. हा अभ्यास मेमँटीनकडे बोट दाखवतो, तर चक्कर आणि वजन डोनेपेझिलकडे. नाडी खरंच मंद निघाली तर डॉक्टर डोनेपेझिलचं आधी बघतील, कदाचित लगेच थांबवतीलही. नाडी चांगली असली तर कुठल्यापासून सुरुवात करायची हा प्रश्न त्यांच्यासमोर याच शब्दांत ठेवा. पाच मिनिटांत मावेल असा तो आहे. वहीचं एक पान, वजनाचे आकडे आणि 'एक औषध कमी करून बघायचं का, कुठलं, किती आठवडे?' हा एकच प्रश्न. त्यावर नुसतं 'चालू ठेवा' असं उत्तर देणं डॉक्टरांनाही जड जाईल.

तातडीचं कारण नसेल तेव्हा कमी करण्याची रीत साधारण अशी असते. मात्रा निम्मी करायची, चारेक आठवडे थांबायचं, मग पुढची पायरी. दोन औषधं एकदम कधीच नाही. आजारपण, घर बदलणं, हॉस्पिटलातून नुकतं परतणं, अशा दिवसांत हा प्रयोग नको. रकाने तेच ठेवायचे आणि बिघाड कधी झाला याची तारीख लिहायची. पहिल्या आठवड्यातच फार चिडचीड, झोप उडणं, भास असं काही झालं तर तो बहुधा औषध सुटल्याचा झटका असतो. दोन ते सहा आठवड्यांत घसरण दिसली तर औषध काहीतरी धरून ठेवत होतं असं समजायला जागा आहे, आणि तेव्हा डॉक्टर ते पुन्हा सुरू करू शकतात. तीन महिन्यांनंतरची घसरण बहुतेक करून आजाराची स्वतःची चाल असते. पुन्हा सुरू केल्यावर गेलेलं सगळं परत मिळेलच, अशी हमी नाही. हे भावाला आधीच सांगा आणि 'आपण दोघांनी ठरवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अमुक तारखेपासून करतोय' एवढं त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या. संशय म्हणून लिहून घ्यायचं नाहीये. सहा महिन्यांनी तुम्हाला रात्री झोप यावी म्हणून.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. तुमच्या घरातलं निदान लेवी बॉडी डिमेन्शिया किंवा पार्किन्सनसोबतचा डिमेन्शिया असेल, भास होत असतील, तर वर लिहिलेला कमी करण्याचा प्रयोग फार जपून. या आजारांत रिव्हास्टिग्मीनसारख्या औषधांचा भासांवर चांगला उपयोग होऊ शकतो आणि ती सुटली की त्रास उसळू शकतो. उलट फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात या जातीची औषधं उपयोगी ठरलेली नाहीत, काहींची वागणूक त्याने बिघडतेही. म्हणून गोळीचा गुण तपासण्याआधी चिठ्ठीवर 'डिमेन्शिया'च्या पुढे नेमका कुठला प्रकार लिहिलाय ते बघा. आणि रिव्हास्टिग्मीनचा कातडीवर चिकटवायचा पट्टा लावत असाल तर नवा लावण्याआधी जुना काढलाय ना, हे पाठीवर हात फिरवून रोज बघा. दोन-तीन पट्टे एकावेळी अंगावर राहून मात्रा भलतीच वाढल्याचे प्रकार झालेले आहेत. मध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्याच मात्रेने पुन्हा सुरू करू नका, डॉक्टरांना विचारून कमी मात्रेपासून करा.

तुम्ही लिहिता, बंद केल्यावर आई बिघडली तर दोष तुमचा. ती बिघडणार आहे. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण तुम्हाला ते माहीत आहे आणि भावालाही कुठेतरी माहीत असणार. गोळी चालू ठेवली तरी, बंद केली तरी. माझ्या वडिलांची गोळी पाचव्या वर्षी हळूहळू बंद केली. बटणांच्या रकान्यात काही फरक पडला नाही, जेवण थोडं सुधारलं. आणखी दीड वर्षाने ते मला ओळखेनासे झाले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो त्या गोळीचाच. मी कॅलेंडरची जुनी पानं काढून तारखा बघितल्या. त्या पानांनी मला त्या रात्री सोडवलं. म्हणून वहीचा एवढा आग्रह धरतेय.

राहिलं ते गुणगुणणं. ते गोळ्यांमुळे आहे का, हे सांगण्याची सोय कुणाकडेच नाही. एवढं मात्र खरं की अल्झायमरमध्ये ओळखीच्या चाली पुष्कळदा नावांच्या आणि चेहऱ्यांच्याही नंतरपर्यंत टिकतात, आणि एकही गोळी न घेतलेली माणसंसुद्धा गुणगुणतात. तरी तुम्हाला ती भीती आहे, तर तिलाही वहीत जागा द्या. तिसरा रकाना त्याचाच करा. आठवड्यातून किती संध्याकाळी गुणगुणली, हात आधी तिने धरला की तुम्ही, चाल ओळखू आली का. फक्त त्या वेळी वही हातात घेऊ नका, आई झोपल्यावर लिहा.